हंसांचा डबा

"अगं, पाजतेस काय तिला सारखी? ती काय करडू आहे?"

आईचा हा आवाज नाझारियाच्या कानात अजून होता. आईचा चेहरा आता धुळीमागं गेल्यासारखा झाला होता, तिचे हातही नीट आठवत नव्हते. आवाज मात्र जसाच्या तसा होता. तंबाखूनं खरवडलेला, अर्धा रागाचा, अर्धा हसण्याचा. नाझारिया तेव्हा एवढीशी होती आणि आपल्या वाट्याचं पाणी तिनं गुपचूप एका काटेरी रोपाला ओतलं होतं.

"आपल्या मुलखात माणूस मरतो तो तहानेनं, बोकड मरतो तोही तहानेनं. म्हणून तुला वाटतं, पाणी पाजलं की पुण्य लागलं. हिला ते मानवत नाही बाई. उन्हाळ्यात जीभ ओली होण्यापुरतं, हिवाळ्यात थेंबसुद्धा नाही. निजू दे तिला."

तिन्हीसांजेचं फूल म्हणत त्या झाडाला. झाड कसलं, काडीच ती. अंगठ्याएवढी जाड, वितीएवढी उंच, मातीच्याच रंगाची. खाऱ्या रानात झुडपाच्या बुडाशी उभी असली तर शेळीसुद्धा वाळकं लाकूड समजून पुढं जाई. पण उन्हाळा तापला की तिच्या शेंड्यातून लोकरीच्या दोऱ्यासारखा एक लांब देठ निघे, आणि एखाद्या सांजेला, देवळाची घंटा होऊन बायका डोक्याला रुमाल बांधून दारात उभ्या असताना, त्या देठाच्या टोकाला पांढरं फूल उघडे. सकाळी पाहावं तर ओल्या चिंधीसारखं लोंबत असे. गावात बाया ढोलकं मांडीवर घेऊन गात:

खाऱ्या रानात उगवली
काडी एवढीशी हिरवी,
दिवसा तिला नाव नाही
सांजेला चांदणं मिरवी.

नाझारियाची लेक सेल्वा हे गाणं गाई तेव्हा चुलीवरचं भांडं विसरून जाई. तिनंच शहराला जायच्या आधीच्या वर्षी बी पेरलं होतं. बी बंदुकीच्या दारूसारखं काळं, बारीक. वाळू चाळली, जुनी लेंडी कुटून तिच्यात मिसळली, वर फुटक्या खिडकीची काच ठेवली आणि टपरीच्या सावलीला ती पेटी सरकवली. मोहरीएवढे हिरवे ठिपके वर आले. काही मुंग्यांनी नेले, काही उन्हानं. एक उरला.

मग सेल्वा शहराला निघाली, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला. पाऊस नव्हता, शेळ्या विकल्या होत्या, आणि तिच्या लेकीचा, दुलियाचा बाप तर पोर पोटात असतानाच ऊसतोडीला गेला तो तिकडचाच झाला होता. बसच्या पायरीवर उभी राहून सेल्वानं पोरीच्या हातात एक टिनपाट दिलं, त्यात काढून लावलेला तो उरलेला ठिपका दाखवला आणि म्हणाली, "हे तू वाढव. हे फुललं ना, की मी आलेच समज."

आया असं काहीतरी बोलतात. बस सुटावी म्हणून बोलतात.

बस गेली आणि दुलियानं जेवण टाकलं. मग बोलणं टाकलं. भिंतीकडं तोंड करून पडून राही. नाझारियानं राखेतली भाकर मधात बुडवून दिली, शेजारच्या फ्रोइलाननं व्हायोलिनवर गाढवाचं ओरडणं काढून दाखवलं, गावातल्या म्हाताऱ्या तिमोतेयाबाईनं नजर काढायला तिच्या डोक्यावरून अंडं उतरवलं. पोर काडीसारखी झाली. हाताला लागेल ते हाडच. एका सकाळी नाझारियाला ती अंगणात उकिडवी बसलेली दिसली, टिनपाटावर वाकून.

"आजी," ती म्हणाली. किती दिवसांनी फुटलेला आवाज तो. "हिला केस आलेत."

"केस नव्हेत गं, काटे ते."

"मऊ आहेत पण."

"लहानपणी सगळ्यांचेच मऊ असतात," नाझारिया म्हणाली, आणि घरात जाऊन तोंडाला पदरासारखी शाल लावून रडली. त्या दिवशी पोरीनं दूध घेतलं. त्या काडीनंच पोरीला परत आणलं होतं, हे नाझारिया कधी विसरली नाही.

दुपारी रेडिओवर रानातल्या लोकांसाठी निरोप वाचत. अमक्यानं तमक्याला कळवलंय की बैल मिळाला. अमकीला मुलगा झाला, दोघं सुखरूप. त्यात अधूनमधून सेल्वाचाही निरोप येई. "सेल्वा आपल्या आईला कळवते की ती बरी आहे, आणि दुलियाला विचारते की काडी केवढी झाली." तेव्हा दुलिया बोटानं माप दाखवी, रेडिओला. पहिल्या नाताळाला सेल्वानं बिस्किटांचा डबा पाठवला. निळा, झाकणावर पाण्यात पोहणारे दोन पांढरे हंस. दुलियानं हंस पाहिले नव्हते आणि एवढं पाणीही पाहिलं नव्हतं. बिस्किटं संपली तरी ती डब्यात नाक घालून बसे.

दुसऱ्या हिवाळ्यात निरोप थांबले.

फ्रोइलान शहरात गवंड्यांच्या हाताखाली कामाला गेला होता. तो अचानक परत आला, आणि घरी न जाता आधी नाझारियाच्या गोठणाकडं आला. नाझारिया शेळीचं दूध काढत होती. फ्रोइलान हा बोलका माणूस, मढ्यालाही हसवील असा. त्या दिवशी तो कुंपणाला टेकून टोपी हातात फिरवत राहिला.

"काय रे, शहरानं जीभ ठेवून घेतली का तुझी?" नाझारिया म्हणाली.

"ताई, भांडं खाली ठेव."

"का?"

"ठेव आधी."

तिनं ठेवलं नाही. म्हणून दूध सांडलं.

छातीत पाणी झालं होतं सेल्वाच्या. थंडीत ओल्या अंगणात कपडे धुऊन धुऊन. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. फ्रोइलानला कळलं तेव्हा तिला पुरूनही झालं होतं, तिकडंच, गावच्या आणखी दोन बायांनी खांदा दिला. एवढंच. सांगायला फार नव्हतंच काही.

"रेडिओवर वाचतील?" नाझारियानं विचारलं.

"मी नको म्हणून सांगून आलोय. म्हटलं, तोंडानं सांगतो."

"पोरीला सांगू नकोस."

"ताई..."

"उन्हाळ्यापर्यंत. आत्ता कुठं तिच्या गालाला मांस चढलंय, फ्रोइलान. आत्ता सांगितलं तर मला दोघींना पुरावं लागेल."

तिनं रेडिओतली बॅटरी काढून ठेवली आणि संपली म्हणून सांगितलं. काळं नेसली नाही. नऊ रात्रींची प्रार्थना ठेवली नाही, आरशावर कापड टाकलं नाही, दारात राख टाकली नाही. रोजच्यासारखी पहाटे उठे, शेळ्या सोडी, हातमागावर घोंगडी विणे. विणताना धागा तुटला की तेवढं मात्र ती थांबे, आणि तुटलेली दोन टोकं हातात धरून बसून राही, दुलिया हाक मारीपर्यंत.

आणखी एक गोष्ट तिनं सोडली. आधीच्या हिवाळ्यात दुलिया झाडाला पाणी घालायला गेली की नाझारिया ओरडे, आईच्याच आवाजात ओरडे, हात धरून मागं ओढी. या हिवाळ्यात तिनं पाहिलं, पोरगी शाळेतून आपल्या वाट्याचं पेलाभर पाणी तोंडात न घेता घेऊन येते, ओठ फुटलेले, आणि ते झाडाच्या बुडाशी हळूहळू ओतते. नाझारियानं तोंड उघडलं. मग मिटलं. मागाकडं वळली.

मनाशीही ती ते बोलली नाही. पण मनाच्या तळाशी एक थंड, ओला विचार येऊन बसला होता: हे फुललंच नाही तर?

उन्हाळ्याच्या तोंडाशी, सर्व आत्म्यांच्या दिवशी, मेलेल्यांना दिवे लावायला गाव स्मशानात जमलं. दिवस मावळायला आला होता. ज्यानं त्यानं आपापल्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या, घोंगड्या अंथरल्या, भाकरी सोडल्या. स्मशानाच्या मधोमध मोठा लाकडी क्रूस होता. ज्यांची माती दूर पडली त्यांचे दिवे त्याच्या पायाशी लावायचे असत. तिमोतेयाबाई तिथंच बसून होती. गावातली मयताची प्रार्थना तीच म्हणायची. दात गेले होते, आवाज शाबूत होता. तिच्यापासून मेलेलं माणूस लपवणं म्हणजे घारीपासून पिल्लू लपवणं.

"आलीस?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, येतच नाहीस. आई आहेस का दगड?"

"हळू बोल, काकू. पोर मागं आहे."

"हळूच बोलतेय. मेलेल्याला मात्र हळू ऐकू येत नाही. चार महिने झाले, एक दिवा नाही, एक रात्र प्रार्थना नाही. अंधारात ठेवलंयस लेकीला." आणि तिनं पुटपुटल्यासारखं म्हटलं:

दूरच्याला माती दूरची,
दिवा मात्र घरचा लागे;
दिव्याविना जीव बापुडा
वाट पुसत फिरे मागे.

"पुरे," नाझारिया म्हणाली.

"माझं पुरे. तिचं कसं पुरं होईल?"

नाझारियानं मेणबत्ती लावली. काडी दोनदा विझली. मागून दुलिया आली आणि तिच्या कमरेला बिलगून उभी राहिली.

"आजी, इथं कुणासाठी?"

"आजोबांच्या भावासाठी. ऊसतोडीला गेला होता तो."

"तो चांगला होता का? तुला रडू येतंय."

"मेण डोळ्यात गेलं."

तिमोतेयाबाईनं मान फिरवली आणि दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागली.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. दुलिया घरात धावत आली, टिनपाट छातीशी धरून, एवढं घट्ट की छातीवर काटे रुतून रक्ताचे ठिपके आले होते.

"आजी! आजी, बघ, बघ ना!"

शेंड्यावर, काट्यांच्या मधून, लोकरीचा तपकिरी ठिपका वर आला होता. नाझारियानं तो जन्मभर पाहिला होता. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"कळी आहे ना? सांग ना, कळी आहे ना?"

"असेल."

"असेल काय! आहे! म्हणजे आई निघाली असेल. कळीला वेळ लागतो तेवढाच बसला वेळ लागतो. हो ना? गाठोडं बांधायला लागली असेल ती."

पोरगी दारातून बाहेर पळाली आणि आरोळ्या ठोकत गावभर फिरली. विहिरीशी पोरांनी तिची टिंगल केली. "ए काटेवाली, आई फुलातनं निघणार का तुझी? का बीतनं?" तिनं एकाच्या डोक्यात कोरडी लेंडी मारली आणि हसत घरी आली. एवढी हसताना नाझारियानं तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती.

संध्याकाळी दुलिया अंगणात बसली. समोर हंसांचा डबा. जुन्या टिनपाटाला तळाशी खिळ्यानं पाडलेली भोकं होती, गंजून गंजून तळ गळायला आलेला. आईपुढं असलं टिनपाट कसं ठेवायचं? तिनं डबा राखेनं घासला, हंस लखलखले. मग रोप मातीसकट उचलून त्यात बसवलं, भोवती नवी माती दाबली, आणि पेलाभर पाणी ओतलं. मग आणखी एक.

"कसं दिसतं, आजी?"

नाझारिया त्या वेळी टपरीचा सुटलेला पत्रा ठोकत होती. तिच्या एका हातात दगड होता, दुसऱ्या हातात खिळा. तिनं डबा पाहिला. निळा, धड, कुठं भोक नाही, चीर नाही. बिस्किटं ताजी राहावीत म्हणून केलेला. पाणी आत जाईल आणि आतच राहील. झाड तळ्यात उभं राहील.

उठायचं, डबा उलटा करायचा, चार ठोके घालायचे. एवढंच काम.

"छान दिसतं," ती म्हणाली आणि खिळा पत्र्यात ठोकला.

उत्तरेचा वारा सुटला. मिठागरावरून तो येई तेव्हा जिभेवर मीठ बसे आणि चुलीपुढं उभं राहिल्यासारखं तोंड भाजे. दुलियाला वाटे, आपल्याला एवढी तहान लागते तर हिला किती लागत असेल. सकाळी पाणी, शाळेतून आल्यावर पाणी, निजताना पाणी. स्वतः मात्र बोरासारखा एक खडा चोखत बसे, लाळ सुटावी म्हणून. फ्रोइलान एकदा आला, डब्यात डोकावला आणि बोट घालून पाहिलं. बोटाला चिखल लागला. त्यानं नाझारियाकडं पाहिलं. ती शेंगा कुटत होती, मान वर केली नाही.

"ताई, हे..."

"तुझ्या घरचं झाड आहे का ते?"

फ्रोइलाननं बोट विजारीला पुसलं आणि निघून गेला. त्याची चेष्टामस्करी या घरात कधीच संपली होती.

देठ मात्र वाढत राहिला. बोटाएवढा झाला, मग त्याहून लांब. नाझारिया पहाटे अंधुकात उठून त्याच्याकडं बघे आणि तिला कळेनासं होई की आपण काय मागतोय. फूल येवो म्हणावं तर पोर रस्त्याला जाऊन उभी राहील, बस येईल, बसमधून कुणी उतरणार नाही. फूल मरो म्हणावं तर त्या काडीशिवाय पोरीला धरून ठेवणारं आणखी काय होतं? एकदा तिनं डब्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. उन्हानं तापलेला, आतलं पाणी कोमट. आंबूस वास आला. कोंडलेल्या, कुजत्या कशाचा तरी. ती हात धूत राहिली, आणि धुतलेलं पाणी नेहमीसारखं शेळ्यांना द्यायचं विसरली.

शनिवारी बस येई, तिन्हीसांजेच्या सुमारास. त्या शनिवारी दुलियानं फ्रॉक धुऊन दगडावर वाळवला, वेणी घातली, नाझारियाकडून रिबीन बांधून घेतली. "आज फुलणार," ती म्हणाली, "टोक पांढरं झालंय." आणि डबा बसच्या थांब्यावर न्यायचा म्हणून तिनं दोन्ही हातांनी उचलला.

झाड आडवं पडलं.

तुटल्याचा आवाजही झाला नाही. पावात बोट जावं तसं ते बुडातून सुटलं आणि हंसांवर कलंडलं. बूड तपकिरी, आतून चिकट, मऊ. वरचा देठ अजून ताठ होता, कळी मिटलेली. दुलियानं ते उभं केलं. पडलं. परत उभं केलं, भोवती माती दाबली. बोटं आत गेली, रसाळ घाण बोटांना लागली.

ती ओरडली नाही. रडली नाही. डबा जागच्या जागी ठेवला, फ्रॉकला हात पुसले, धुतलेल्या फ्रॉकला, आणि बाहेर पडली.

"दुलिया! अगं, कुठं निघालीस?"

पोर रस्त्याकडं चालत राहिली.

नाझारिया तिच्या मागं गेली. गुडघे धरत, काटेरी वाटेनं. रस्त्याच्या कडेला पोर उभी होती. बस आली. एक म्हातारा पोतं घेऊन उतरला, दोन पोरं उतरली, कंडक्टरनं विचारलं, "चढायचंय का बाळ?" दुलिया त्याच्या मागं, खिडक्यांकडं बघत होती. बस गेली. धूळ बसायला फार वेळ लागला. देवळाची घंटा झाली.

नाझारियानं तिला घरी आणलं. त्या रात्री पोर जेवली नाही. रविवारी जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून निजली. नाझारियानं दूध ओठांना लावलं तर ते हनुवटीवरून ओघळलं. तिमोतेयाबाई येऊन गेली, पोरीच्या कपाळावर हात ठेवून गेली. जाताना दारात एकदा थांबली आणि नाझारियाकडं पाहिलं, बस्स.

सोमवारी दिवस कलताना पोरीचे ओठ हलले. नाझारिया तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली.

"ती बसमध्ये बसली होती," दुलिया म्हणाली.

"कोण, बाळ?"

"आई. बसली होती. मग इकडं मी झाड मारलं. मग ती उतरली. मधेच." आवाज कोरडा होता, पेंढ्यासारखा. "मी जास्त पाणी घातलं. तिला कळलं."

"नाही गं. असं नसतं."

"कळलं तिला. आता ती येणार नाही. मी मारलं ना."

"तू नाही मारलंस."

"मीच मारलं. मी रोज घातलं." आणि आता कुठं पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता, उशीत मुरत गेलं. "मला वाटलं, तिला तहान लागली असेल."

नाझारियाला वाटलं होतं, सांगायला एखादा दिवस येईल. उन्हाळा संपल्यावर, पोर जरा मोठी झाल्यावर, शेळ्या व्याल्यावर. तो दिवस यायचाच नव्हता. असा दिवस कुठल्याच वर्षात नसतो. आणि ही एवढीशी पोर, आठ वर्षांची, आता जन्मभर आपल्या आईला बसमधून उतरवत राहणार होती.

तिनं दुलियाला उचलून मांडीवर घेतलं. वजन नव्हतंच. तिचं तोंड आपल्याकडं वळवलं, आणि ते वळेना तेव्हा जोर लावून वळवलं.

"इकडं बघ. डब्याला तळाला भोक नव्हतं. मला दिसलं होतं ते. माझ्या हातात खिळा होता आणि मी भोक पाडलं नाही. ते झाड मी मारलं, दुलिया."

पोरगी तिच्याकडं बघत राहिली. डोळे मोठे, लाल.

"का?"

नाझारियानं पोरीचे दोन्ही हात धरले.

"कारण ते फुललं असतं आणि तू रस्त्याला जाऊन उभी राहिली असतीस. आणि कुणी आलं नसतं. तुझी आई मेली, बाळा. हिवाळ्यात, छातीत पाणी होऊन. तिकडंच पुरलं तिला. ती बसमध्ये बसलीच नव्हती."